कार्डावरचा अंगठा

माझ्याकडं दोन वह्या.
एक सरकारी, तिच्यात बुर्ली गावची डोकी मोजलेली,
घर नंबर, बाईचं नाव, पाळीची तारीख.
दुसरी पोराच्या उरलेल्या पानांची, दोऱ्यानं शिवलेली,
तिच्यात ओढ्यापलीकडच्या कोप्या.

कोपीला घर नंबर नसतो.
मी लिहिते: बाभळीजवळची. निळ्या ताडपत्रीची.
जिच्या आडोशाला कुत्री व्यालीय ती.

निळ्या ताडपत्रीत मुक्ता सानप,
वय वीस सांगते. सातवा महिना.
कार्ड कुठाय?
गावाकडं. ट्रंकेत. किल्ली सासूकडं.

अंगणवाडीत म्हणाले, आमच्या पटावर नाही, तिकडं नाव आहे.
तिकडं नाव आहे, पण तिकडं ती नाही.
इथं ती आहे पोटासकट,
आणि खाऊचं पाकीट नावाला मिळतं.
रेशनच्या मशीनवर तिच्या नवऱ्यानं
चारदा अंगठा दाबला.
रेषा कोयत्यानं खाल्लेल्या.
मशीन म्हणालं, हा तो नव्हेच.

मग मी फोन लावत सुटले.
आष्टी तालुका, तिथलं आरोग्य केंद्र, तिथला शिपाई,
शिपायाकडून नंबर: द्वारका गर्जे, आशा.
"आवो ताई, मुक्ताला पहिल्या तपासणीला मीच नेलं व्हतं.
थांबा, म्हातारीला उठविते."

पाऊण तासानं कार्डाचा फोटो आला, जरा हललेला.
हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन. धनुर्वात एक.
आणि कडेला कार्ड धरलेला तिचा अंगठा,
नखावर जुना काळा डाग,
दारात चेंगरला असेल कधी.
द्वारकाला मी एवढीच पाहिलीय.

ओपीडी नऊ ते साडेबारा.
फड पहाटे तीनपासून, गाडी भरेपर्यंत.
या दोन घड्याळांच्या मधी बाई बसवायची कुठं?
सिस्टर म्हणाल्या, गोळ्यांनी नाही भागायचं आता,
सलाईनमधून लोह, पलूसला, अख्खा दिवस.
मुकादम म्हणाला, खाडा कोण भरणार, तुम्ही?
माणूस वाईट नव्हे,
बारा कोयत्यांची उचल त्याच्या मानेवर.

मी चिटबॉयकडं गेले.
माझ्या धाकट्या दिराच्या वर्गातला,
दहावीला दोघं एकाच विषयात गेलेले.
त्यानं चहा संपवला
आणि काही न बोलता गाडीचा नंबर मागं सरकवला.
गुरुवारी कारखान्यानं त्या टोळीचा ऊस मागितलाच नाही.
हे कुठल्या अहवालात येणार नाही,
पण तिच्या रक्तात त्या दिवशी जे थेंब थेंब उतरलं
त्यात त्या चिठ्ठीचाही वाटा.

परतताना टमटममध्ये मुक्ता म्हणाली,
आज दिवसा झोपले.
दचकून उठत होते सारखी,
कुणी हाक मारंना म्हणून.

मुलगी माघात झाली, भिलवडीला. दोन किलो दोनशे.
नवं कार्ड केलं. शिक्का राहिला म्हणून
माझ्याच पिशवीत राहिलं.

आणि फाल्गुनात पट्टा पडला.
टोळी रात्रीत गेली.
सकाळी तारीख सांगायला गेले तर
तीन दगड, राख, वाढ्यांचा चुरा,
निळ्या ताडपत्रीएवढी पांढरट जमीन.
कुत्री तेवढी जाग्यावर.

तिथंच उकिडवी बसून फोटो काढला,
एका हातात कार्ड, एका हातात मोबाईल.
दीड महिन्याची लस, तारीख, वार, खाली माझा नंबर.
चार दिवस टिका निळ्या झाल्या नाहीत.
पाचव्या दिवशी द्वारका:
"आली. टोचलं. लेकरू तीन किलो चारशे.
ताई, तुमच्या अंगठ्याला काय झालंय?"

बघितलं.
उसाचं पान फिरलं होतं,
अंधारात कोपीवर जाताना कधीतरी.
भरत आलेलं. मलाच पत्ता नव्हता.

वहीत अजून अकरा नावं.
परळीची, शिरूर कासारची, एक आपल्या जतचीच.
त्यांची कार्डं पाठवून झालीत.
मी मोबाईल चार्जिंगला लावते
आणि उशाशी सुलटा ठेवून
दिवा घालवते.